वजन आणि माप : शालेय स्वयंपाकगृहातील एक गणितपाठ

(इयत्ता चौथी व पाचवी, शिक्षकांच्या उपयोगार्थ)

प्रास्ताविक

शाळेतील मुलाच्या दुपारच्या भोजनात किती धान्य असावे हे वजनात ठरविलेले आहे. परंतु चुलीपाशी धान्य काढले जाते ते बहुधा मापाने. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ अथवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. आणि सहावी ते आठवीच्या मुलास अनुक्रमे १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम व साडेसात ग्रॅम, असे शालेय पोषण आहाराचे प्रमाण आहे. कागदावरील हा ग्रॅमचा आकडा स्वयंपाकगृहातील भांड्यात बिनचूक कसा उतरवावा, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

दिनांक १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू झाली, तेव्हा आपल्या राज्यात मुलास महिन्याकाठी ३ किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत असत. त्या काळी तोलण्याचे काम महिन्यातून एकदा पडे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांतून चुली पेटल्या. २०२१ साली योजनेस ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नाव मिळाले. नाव बदलले तरी रोजच्या रोज हजेरीप्रमाणे धान्य काढण्याचे काम तेच राहिले, आणि त्यातील गणितही तेच राहिले.

दोन चुका व त्यांचे परिणाम

टेंभुर्णीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर असते तशी एखादी दोनशिक्षकी शाळा उदाहरणादाखल घ्यावी. हजर मुले ३८. तांदूळ हवेत ३८ × १०० = ३,८०० ग्रॅम, म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम. स्वयंपाकगृहात एक लिटरचे माप आहे, तराजू मात्र कपाटात बंद आहे. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका संभवतात.

पहिली चूक लिटर आणि किलो एकच समजण्याची. पाण्याच्या बाबतीत हे खरे आहे. कारण फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरविला गेला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून. तांदळास हा नियम लागू पडत नाही. एक लिटरच्या सपाट मापात तांदूळ सुमारे ८२० ग्रॅम भरतात असे धरले, तर ३.८ लिटर तांदळाचे वजन ३,११६ ग्रॅम होते. म्हणजे दर मुलास १०० ग्रॅमऐवजी ८२ ग्रॅम मिळाले. चोवीस दिवसांच्या महिन्यात १६ किलोंहून अधिक तांदूळ कोठीत शिल्लक राहतात. नोंदवही पाहणाऱ्यास ती काटकसर वाटेल; वस्तुतः ती मुलांच्या ताटातील उणीव असते. जे मूल सकाळी घरून न्याहरीवाचून निघते, त्यास हे अठरा ग्रॅम कमी पडणे थोडे नव्हे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो त्यास शीग म्हणतात. ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असे आपण म्हणतो, तो शब्द या धान्याच्या मापावरूनच आलेला आहे. देणाऱ्याच्या हाताला शीग सोडून माप भरणे कृपणपणाचे वाटते, आणि स्वयंपाकी भगिनींच्या मनातही मुलांविषयी माया असतेच. परंतु सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाच्या एक लिटर मापावर शीग राहू दिली, तर दर मापामागे पाऊणशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ अधिक जातात. ३८ मुलांच्या तांदळास साडेचारांहून थोडी अधिक मापे लागतात. त्यामुळे रोज सुमारे ३५० ग्रॅम व महिनाअखेर आठ किलोंवर तूट दिसते. तूट दिसली की शंका येते ती चुलीपाशी राबणाऱ्या बाईवर किंवा मुख्याध्यापकावर. चोरी कोणीच केलेली नसते. दोष शिगेचा असतो. तेव्हा माप नेमके असणे हे मुलाच्या पोटासाठी जितके आवश्यक, तितकेच प्रामाणिक माणसाच्या नावासाठीही आवश्यक आहे.

पूर्वज्ञान : घरातील मापे

पाठाचा आरंभ मुलांच्या घरातून करावा. आजीला विचारून जुन्या मापांची नावे लिहून आणण्यास आदल्या दिवशी सांगावे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, हे कोष्टक पुष्कळ घरांतून अद्याप ऐकावयास मिळते. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीतही एखादा मुलगा सांगेल.

येथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानी आणून द्यावी. जुन्या व्यवहारात ‘शेर’ हा शब्द दोन अर्थांनी चाले. एक वजनी शेर. तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. दुसरा कैली शेर, म्हणजे मापाने मोजावयाचा. नाव एक असले तरी या दोहोंचा मेळ प्रत्येक धान्यागणिक निराळा पडे; शिवाय गावोगावच्या मापांतही फरक असे. हा घोटाळा दूर करण्यासाठी १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. वजनास ग्रॅम व आकारमानास लिटर अशी निरनिराळी नावे मिळाली. तथापि लिटर आणि किलो एकच मानणे म्हणजे जुन्या शेराचा घोटाळा नव्या नावाने पुन्हा चालू ठेवणे होय.

येथे सहज असा प्रश्न निघेल की, आई तर तराजूवाचून उत्तम स्वयंपाक करते, ते कसे? याचे उत्तर मुलांकडूनच काढवावे. आई तीन वाट्या तांदूळ व एक वाटी डाळ घेते. वाटी लहान असो वा मोठी, तीनास एक हे प्रमाण कायम राहते आणि खिचडी बिघडत नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने वाटी-चमच्याचे हेच प्रमाण घरोघरी नेले. चवीसाठी प्रमाण पुरेसे असते. परंतु प्रत्येक मुलास अमुक ग्रॅम धान्य मिळालेच पाहिजे असा नियम असेल, तेथे केवळ प्रमाण पुरत नाही. त्या वाटीत किती ग्रॅम मावतात हे ठाऊक असावे लागते.

पहिला प्रयोग : दाण्यांमधील पोकळी

तांदळाचा एकेक दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड आहे. असे असता लिटरभर तांदूळ लिटरभर पाण्याहून हलके का भरतात? हा प्रश्न फळ्यावर लिहावा. स्वयंपाकापूर्वी, त्या दिवशी शिजवावयाच्या तांदळांपैकी एक लिटर तांदूळ निवडून मापात सपाट भरावे. दुसऱ्या मापात लिटरभर पिण्याचे पाणी घेऊन ते तांदळात हळूहळू ओतावे. पाणी काठापर्यंत येण्यापूर्वी जवळजवळ ४०० मिलिलिटर आत जाते. इतकी जागा दाण्यांच्या मध्ये रिकामी होती, हे मुलांस डोळ्यांनी दिसते. पाहताच तांदूळ धुऊन पातेल्यात घालावेत. काहीही वाया जात नाही.

ही पोकळी प्रत्येक जिनसेत निराळी असते. गोल, लांब, बारीक, जाड अशा दाण्यांत ती बदलते. पिठात तर भांडे आपटले तरी बदलते. म्हणून एका जिनसेचे माप दुसऱ्या जिनसेस चालत नाही. पुढील आकडे अंदाजाचे असून केवळ तुलनेसाठी द्यावेत.

*एक लिटर सपाट मापात भरणारे वजन*

पाणी — १,००० ग्रॅम
खाद्यतेल — सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम
तांदूळ — ८०० ते ८५० ग्रॅम
तूरडाळ — ८०० ते ८५० ग्रॅम
साखर — सुमारे ८५० ग्रॅम
ज्वारीचे दाणे — ७०० ते ७८० ग्रॅम
गव्हाचे पीठ, सैल भरलेले — ५०० ते ५५० ग्रॅम
गव्हाचे पीठ, दाबून भरलेले — ६५० ग्रॅम किंवा अधिक
बारीक मीठ — सुमारे १,२०० ग्रॅम
चुरमुरे — १०० ग्रॅम किंवा त्याहूनही कमी

मीठ पाण्याहून जड आणि चुरमुरे त्याच्या दशांशाइतके, हे पाहून मुलांस नवल वाटेल. त्या नवलातूनच नियम काढवावा : वजन भागिले एका लिटरचे वजन बरोबर लागणारे लिटर.

दुसरा प्रयोग : आपल्या शाळेचे माप

कोष्टकातील आकडा घेऊन थांबू नये. आपल्या कोठीतील तांदूळ, आपले भांडे आणि आपला तराजू घेऊनच आकडा काढावा.

१. तराजूवर वैधमापन खात्याची चालू मुद्रा आहे की नाही ते पाहावे. साधा दोन पारड्यांचा तराजू असल्यास प्रथम रिकामी पारडी समतोल आहेत याची खात्री करून घ्यावी.

२. रिकाम्या कोरड्या भांड्याचा धडा करावा, म्हणजे भांड्याच्या वजनाइतका भार दुसऱ्या पारड्यात ठेवावा. विजेच्या काट्यावर रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणला की तेच काम होते.

३. तांदूळ एका ठरावीक रीतीने भरावेत. भांडे आपटू नये, दाबू नये. भरल्यावर काठावरून लाकडी पट्टी एकदा सरळ फिरवून शीग उतरवावी.

४. असे पाच वेळा भरून पाच वेळा तोलावे. प्रत्येक वेळी निराळ्या मुलाने भरावे.

समजा, पाच वजने ८२२, ८१०, ८३५, ८१८ व ८१५ ग्रॅम अशी आली. बेरीज ४,१००, पाचाने भागता सरासरी ८२०. भांडे एक, तांदूळ तेच, तरी आकडे पाच का आले, अशी चर्चा घडवून आणावी. हात बदलला की भरणे थोडे बदलते, हे मुले स्वतःच सांगतील. सरासरी कशासाठी काढावयाची हे पुस्तकातील उदाहरणांपेक्षा येथे अधिक स्पष्ट होते.

शीग किती फसवी असते हेही याच वेळी दाखवावे. एक लिटर मावणारे एक उभट भांडे व एक पसरट भांडे घ्यावे. सपाट भरल्यास दोहोंतील तांदूळ जवळजवळ सारखेच भरतात. शीग सोडून भरले की पसरट भांड्यावरील शीग उभट भांड्याच्या शिगेच्या कितीतरी पट होते. सोळा सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यावर ती मापाच्या पाव भागाहूनही अधिक भरते. म्हणून माप तोंडास अरुंद असावे आणि नेहमी सपाट भरावे. अमेरिकेत फॅनी फार्मर या शिक्षिकेने १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला, तोही याच कारणाने.

दशकमाप आणि एककमाप

आता मुख्य अडचण. हजेरी रोज बदलते. ऊसतोडणीच्या हंगामात या भागात काही मुले नव्याने येतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. आज ३८, उद्या ४३. रोज भागाकार करून ‘चार मापे आणि वर पाच अष्टमांश’ असे सांगणे स्वयंपाकगृहात उपयोगाचे नाही. त्यावर सोपा उपाय असा की, शाळेने दोन मापे स्वतः तयार करावीत.

दहा मुलांचे तांदूळ १,००० ग्रॅम. ते तोलून घेऊन एखाद्या उभट डब्यात, न आपटता, सपाट भरावेत व ते जेथवर येतात तेथे डब्यास आतून खिळ्याने रेघ ओढावी. हे दशकमाप. लिटरमागे ८२० ग्रॅम या हिशेबाने ते सुमारे १,२२० मिलिलिटरचे होईल. त्याचप्रमाणे १०० ग्रॅम तांदूळ तोलून लहान डब्यास रेघ ओढावी. हे एककमाप, ते सुमारे १२२ मिलिलिटरचे होईल. पत्र्याचे काम करणारा कारागीर जवळ असल्यास त्याजकडून रेघेशी डबा कापवून काठ वळवून घ्यावा, म्हणजे पट्टी फिरवून सपाट करणे सोपे जाते. डाळीसाठीही दहांचे २०० ग्रॅम व एकाचे २० ग्रॅम याप्रमाणे निराळी मापे करावीत. प्रत्येक मापावर जिनसेचे नाव रंगाने लिहावे. तांदळाचे माप डाळीस लावू नये.

मग हजेरी ३८ असता सांगावयाचे एवढेच : तीन दशकमापे, आठ एककमापे. ४३ असता चार आणि तीन. दशक-एकक जो पहिलीत शिकविला जातो, तोच येथे अन्नाचा हिशेब होऊन मुलांपुढे उभा राहतो. वर्गातील दोन मुलांनी रोज हजेरी मोजून ‘दशक इतके, एकक इतके’ अशी चिठ्ठी स्वयंपाकगृहात द्यावी. सहावी-सातवीची मुले असल्यास त्यांच्यासाठी त्याच मापाचे दीडपट तांदूळ घ्यावेत. दीडकीचाही सराव होतो.

भाजी मात्र मापाने घेऊ नये. चिरण्याच्या लहानमोठेपणावर तिचे आकारमान सर्वस्वी अवलंबून असते. ती तोलूनच घ्यावी.

तेलासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. एक लिटरच्या पिशवीत तेल सुमारे ९१० ग्रॅम असते, किलोभर नव्हे. ५ ग्रॅमप्रमाणे ते १८२ मुलांस पुरते, २०० मुलांस पुरत नाही. दहा मुलांचे ५० ग्रॅम तेल म्हणजे सुमारे ५५ मिलिलिटर. तेवढी खूण एखाद्या पेल्यास करून ठेवावी.

शिक्षकांस सूचना

पोते शाळेत येते तेव्हा ते तोलूनच घ्यावे. घरचे माप देण्याघेण्याच्या व्यवहारास चालत नाही. नवे पोते उघडले की लिटरमाप पुन्हा तोलावे, कारण तांदळाची जात, जाडी व ओल बदलली की आकडा बदलतो. आठवड्यातून एक दिवस मापाने काढलेले सारे तांदूळ तराजूवर ठेवून पाहावेत. ३८ मुलांमागे पन्नास ग्रॅमपर्यंत कमीअधिक आढळल्यास तो फरक मुलामागे सव्वा ग्रॅमच्या आसपास पडतो व मोजणीच्या हातातला आहे. त्याहून मोठा फरक सतत एकाच बाजूस येऊ लागला, तर माप सुधारावे.

हा प्रयोग स्वयंपाकी भगिनींना दूर ठेवून करू नये. त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांचा अंदाज असतो. प्रथम त्यांना अंदाजाने ‘दहा मुलांचे तांदूळ’ काढावयास सांगावे व मुलांसमोर तोलावे. अंदाज पुष्कळदा आश्चर्यकारक रीतीने जवळ येतो, आणि आला नाही तर तो कोठे सरकतो हे त्यांचे त्यांना कळते. माप हे त्यांच्यावर पहारा नसून त्यांच्या बाजूची साक्ष आहे, हे त्यांना पटले पाहिजे. पटले नाही, तर रंगवलेले माप फडताळात जाईल आणि जुना पेला पुन्हा पोत्यात दिसेल.

स्वाध्याय

१. हजर मुले ४३. तांदळाची दशकमापे किती, एककमापे किती? एकूण वजन किती? (उत्तर : ४ व ३; ४ किलो ३०० ग्रॅम.)

२. नव्या पोत्यातील तांदूळ लिटरमागे ८०० ग्रॅमच भरले. १,२२० मिलिलिटरचे जुने दशकमाप तसेच वापरले, तर दहा मुलांस मिळून किती ग्रॅम कमी पडतील? (उत्तर : २४ ग्रॅम.)

३. तेलाची पिशवी ९१० ग्रॅमची, मुले ३५. रोज दर मुलास ५ ग्रॅम घेतल्यास पिशवी किती दिवस पुरेल व किती तेल उरेल? (उत्तर : ५ दिवस, ३५ ग्रॅम.)

४. घरातील एकाच वाटीने ज्वारी व ज्वारीचे पीठ सपाट भरून दुकानातील काट्यावर तोलून घ्या. दोन्ही वजने वहीत लिहा. फरक का पडला, ते दोन वाक्यांत सांगा.

५. आजीकडील चिपटे किंवा मापटे मिळाल्यास त्यात पाणी भरून ते किती मिलिलिटरचे आहे ते मोजा. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा व सर्वांची मापे सारखी होती काय, ते ठरवा.